‘मेरी अँड मॅक्स’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मातीच्या बाहुल्यांचा हा ऑस्ट्रेलियन चित्रपट कुणाला सुचवला की ठरावीक प्रश्न येतातच. मुलांना दाखवू का? ही खरी गोष्ट आहे का? एवढा का रडवतो? त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. कथेतली वळणं उघड करणारे प्रश्न मुद्दाम खाली ठेवलेत. तिथे पोचण्याआधी तशी सूचना मिळेल.

गोष्ट काय आहे, थोडक्यात?

१९७६ साल. मेलबर्नच्या माउंट वेव्हर्ली या उपनगरात मेरी डेझी डिंकल ही आठ वर्षांची मुलगी राहते. कपाळावर तपकिरी जन्मखूण आहे आणि शाळेत त्यावरून तिला रोज चिडवतात. वडील नोएल टी-बॅगच्या कारखान्यात पिशव्यांना दोरे लावतात. घरी आले की मागच्या शेडमध्ये बसून रस्त्यावर मेलेल्या पक्ष्यांमध्ये पेंढा भरतात. आई व्हेरा दिवसभर शेरी पीत असते आणि दुकानातल्या वस्तू पैसे न देता उचलून आणते. मेरीचा सवंगडी म्हणजे एक पाळलेला कोंबडा.

एक दिवस पोस्टात मेरीला न्यूयॉर्कची टेलिफोन डिरेक्टरी दिसते. आजोबांनी तिला सांगितलेलं असतं, की ऑस्ट्रेलियात बाळं बिअरच्या ग्लासाच्या तळाशी सापडतात. मग अमेरिकेत कुठे सापडत असतील? डिरेक्टरीतलं हाताला लागेल ते एक नाव निवडून ती त्या माणसाला पत्र लिहिते आणि सोबत चॉकलेट पाठवते.

तो माणूस मॅक्स जेरी होरोविट्झ. वय ४४, ज्यू घरात जन्मलेला पण आता नास्तिक, बेढब शरीराचा, एका फ्लॅटमध्ये एकटाच राहणारा. पावाच्या मध्ये चॉकलेटचा बार घालून खाणं ही त्याची आवडती मेजवानी. जास्त खाणाऱ्यांच्या मदतगटाच्या बैठकांनाही तो जातो. माणसांच्या चेहऱ्यावरचे भाव त्याला कळत नाहीत. अचानक आलेल्या पत्राने तो आधी प्रचंड घाबरतो, नंतर टाइपरायटरवर बसतो आणि उत्तर लिहितो. पुढची जवळजवळ दोन दशकं ही पत्रं चालू राहतात.

अ‍ॅनिमेशन आहे, म्हणजे मुलांसाठीच ना?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून स्पष्ट सांगते. लहान मुलांना हा चित्रपट दाखवू नका.

यात दारूचं व्यसन आहे, शाळेतला छळ आहे, मनोरुग्णालय आहे, एकामागून एक मृत्यू आहेत, शरीरसंबंधांबद्दलचे उल्लेख आहेत आणि आत्महत्येच्या प्रयत्नाचा एक लांब प्रसंग आहे. विनोदही भरपूर आहे, पण तो याच सगळ्यातून येतो. पोस्टरवरचे गोल डोळे पाहून आठ वर्षांच्या मुलीला समोर बसवाल, तर अर्ध्या तासात टीव्ही बंद करावा लागेल आणि तिच्या डोक्यात बरेच प्रश्न शिल्लक राहतील.

बर्लिन चित्रपट महोत्सवात तो १४ वर्षांवरच्या प्रेक्षकांसाठीच्या ‘जनरेशन १४प्लस’ विभागात दाखवला गेला आणि त्या विभागात परीक्षकांनी त्याचा विशेष उल्लेखही केला. माझ्या मते वयाची तीच रेघ योग्य आहे. नववी-दहावीतली मुलं तो छान पाहू शकतात, फक्त शेजारी घरातलं मोठं कुणीतरी असावं आणि नंतर बोलायला थोडा वेळ हाताशी ठेवावा. वर्गात एकटं पडलेलं, वेगळं म्हणून हिणवलं गेलेलं मूल घरात असेल, तर आधी तुम्ही स्वतः पाहा आणि मग ठरवा.

आठ वर्षांची मुलगी आणि ४४ वर्षांचा अनोळखी माणूस. हे खटकत नाही?

पालकांनी हे विचारणं अगदी रास्त आहे. आजच्या काळात आपल्या मुलीने इंटरनेटवर अशी ओळख केली तर आपण ती तिथल्या तिथे थांबवू, आणि थांबवायलाच हवी.

चित्रपटात मात्र या नात्याला कुठेही गलिच्छ छटा नाही. मॅक्सला मेरीकडून काही काढून घ्यायचं नाही. त्याला माणसांची भीती वाटते आणि पत्र हा एकच मार्ग असा आहे, जिथे समोरच्याचा चेहरा वाचायची सक्ती नाही. शिवाय मेरी लहान असल्यामुळे तिचे प्रश्न सरळ असतात आणि मॅक्सला सरळ प्रश्नच समजतात. मोठी माणसं जे आडवळणाने बोलतात, ते त्याला कधीच उलगडत नाही.

एक प्रसंग बघा. शाळेत जन्मखुणेवरून चिडवतात, असं मेरी त्याला कळवते. मॅक्स मन लावून विचार करतो आणि सल्ला देतो, की त्या मुलाला सांग, ही खूण चॉकलेटची आहे आणि स्वर्गात गेल्यावर तिथलं सगळं चॉकलेट माझ्या ताब्यात असणार आहे. मेरी हे शब्दशः शाळेत जाऊन सांगते. दुसऱ्या कुठल्याही मोठ्या माणसाने ‘लक्ष देऊ नकोस’ म्हणून विषय मिटवला असता. मॅक्स तिची अडचण खरी मानतो आणि स्वतःला पटेल असा उपाय शोधतो. या मैत्रीचं सगळं बळ मला त्यात दिसतं.

ही सत्यकथा आहे का?

सुरुवातीलाच पडद्यावर तसं लिहून येतं. लेखक-दिग्दर्शक अ‍ॅडम एलियट यांची न्यूयॉर्कमधल्या एका माणसाशी वीस वर्षांहून जास्त काळ पत्रमैत्री होती. मॅक्सचं पात्र त्या मित्रावरून घडलं आहे. मेरीच्या बालपणात एलियट यांच्या स्वतःच्या आठवणी मिसळल्या आहेत. कथेतल्या घटना मात्र रचलेल्या आहेत. त्यामुळे ‘अमुक प्रसंग खरंच घडला का’ याच्या मागे लागू नका.

मॅक्सला नेमकं काय झालंय?

कथेत बऱ्याच उशिरा त्याला डॉक्टरांकडून कळतं, की त्याला अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम आहे. हे ऑटिझमचं, म्हणजे आपण ज्याला स्वमग्नता म्हणतो त्याचं एक रूप मानलं जाई. ऑस्ट्रियन डॉक्टर हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी १९४४ मध्ये अशा मुलांचं वर्णन केलं होतं. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांच्या १९८१ च्या लेखामुळे हे नाव जगभर पोचलं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-नियमावलीत ते १९९४ मध्ये आलं आणि २०१३ च्या आवृत्तीत वगळलं गेलं. आता हे सगळं ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ या एकाच नावाखाली धरतात. अ‍ॅस्पर्गर यांच्या नाझी काळातल्या वागणुकीचे कागदोपत्री पुरावे पुढे आल्यावर तर बरेच जण हे नाव घेणंही टाळतात. चित्रपट २००९ चा असल्यामुळे त्यात जुनाच शब्द आहे. मॅक्स स्वतःला ‘अ‍ॅस्पी’ म्हणवतो आणि त्याला ते नाव आवडतं.

मॅक्सच्या बारीकसारीक गोष्टी नीट टिपल्या आहेत. चेहऱ्यावरचे भाव ओळखता यावेत म्हणून तो जवळ एक वही बाळगतो. तिच्यात वेगवेगळे चेहरे काढून खाली त्यांचा अर्थ लिहिलेला आहे. रस्त्यात लोक सिगारेटची थोटकं टाकतात, याने तो अक्षरशः आजारी पडतो. बोललेलं तो शब्दशः घेतो. त्याला रडू येत नाही, आणि याची त्याला खंत आहे. मग मेरी स्वतःचे अश्रू एका बाटलीत भरून त्याला पाठवते. हा प्रसंग वाचताना कदाचित भाबडा वाटेल, पण पडद्यावर तो असा येतो की श्वास अडकतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मॅक्सला बरं व्हायचं नाही. तो मेरीला लिहितो, की मला माझ्यात काही बिघाड आहे असं वाटत नाही आणि मला बदलणं म्हणजे माझ्या डोळ्यांचा रंग बदलायला जाण्यासारखं आहे. हे पत्र लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आमचा मुलगा ऑटिझम स्पेक्ट्रमवर आहे. आम्ही पाहावा का?

पाहावा, पण एक गोष्ट ध्यानात ठेवून. मॅक्स हा एक माणूस आहे, नमुना नव्हे. त्याच्या काळात त्याला ना वेळेवर निदान मिळालं, ना शाळेत मदत. त्याचा एकटेपणा ऑटिझमपेक्षा भोवतालच्या लोकांमुळे जास्त वाढलेला आहे. आज आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा स्पष्ट समावेश आहे आणि शिक्षणात सवलतींची तरतूद आहे. त्यामुळे मॅक्सकडे बघून मुलाच्या भविष्याचं गणित मांडू नका. आपल्या मुलाला आतून जग कसं जाणवत असेल, याची एक झलक मात्र मिळू शकते.

सगळं तपकिरी आणि करडं का आहे?

मेरीचं मेलबर्न तपकिरी आणि मॅक्सचं न्यूयॉर्क काळं-पांढरं-करडं आहे. प्रत्येक चौकट पाहताक्षणी आपण कुठे आहोत ते समजतं. या दोन जगांमध्ये लाल रंग मोजक्या ठिकाणीच येतो. मेरी मॅक्सला एक लाल गोंडा पाठवते आणि मॅक्स तो डोक्यावरच्या टोपीला लावतो. त्या सबंध करड्या शहरात तो गोंडा उठून दिसतो. एका जगातली वस्तू दुसऱ्या जगात गेली, हे सांगायला संवादाची गरजच पडत नाही. दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा फक्त लाल रंगावर नजर ठेवा, बरंच काही हाती लागेल.

हा बनवला कसा? यात संगणकाची करामत आहे का?

हे स्टॉप-मोशन आहे. तारेचा सांगाडा आणि प्लॅस्टिसिनसारख्या मातीच्या बाहुल्या टेबलावर मांडायच्या, एक छायाचित्र घ्यायचं, बाहुली केसभर हलवायची, पुन्हा छायाचित्र घ्यायचं. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी अशी दोन डझनांच्या आसपास छायाचित्रं लागतात. त्यामुळे दिवसभर राबूनही एका अ‍ॅनिमेटरच्या हातून मोजके सेकंदच पुरे होतात.

चित्रीकरण ५७ आठवडे चाललं. १३३ सेट, २१२ बाहुल्या आणि ४७५ छोट्या वस्तू तयार केल्या गेल्या. मॅक्सचा अंडरवूड टाइपरायटर तर खरोखर चालणारा होता. तळहातात मावेल अशा त्या यंत्राची आखणी आणि जुळणी करायला नऊ आठवडे गेले. चित्रपट पाहताना त्याच्या कळा खाली जाताना बघा. आणि या टाइपरायटरवर पुढे कथेचा एक मोठा प्रसंग बेतलेला आहे, हे कळल्यावर तो एवढ्या कष्टाने का बनवला तेही समजतं.

एलियट यांना हात थरथरण्याचा आनुवंशिक त्रास आहे. त्यांच्या रेषा वाकड्या येतात आणि ती वळणं त्यांनी कधी सरळ केली नाहीत. घरं कललेली, खिडक्या तिरप्या, चेहऱ्याच्या दोन बाजू असमान. बाहुल्यांवर बोटांचे ठसेही दिसतात. चकचकीत अ‍ॅनिमेशनची सवय असलेल्यांना पहिली पाच-दहा मिनिटं हे ओबडधोबड वाटेल. थोडा धीर धरा.

आवाज कुणाचे आहेत?

मोठेपणीची मेरी टोनी कोलेट, लहानपणीची बेथनी व्हिटमोर. मॅक्स म्हणजे फिलिप सीमोर हॉफमन. जड, धापा टाकणारा, चढउतार नसलेला तो आवाज ओळखूही येत नाही. मेरीचा शेजारी आणि पुढे नवरा झालेल्या डेमियनला एरिक बॅना यांचा आवाज आहे. कथन बॅरी हम्फ्रीज यांचं. संवाद कमी आणि कथन-पत्रवाचन जास्त असल्यामुळे सबटायटल लावून पाहिलात तर बरं. ऑस्ट्रेलियन उच्चार आणि शब्दांच्या गमती पटकन निसटतात. लांबी ९२ मिनिटांची आहे.

यापुढे कथा फुटते. मैत्री तुटते ती कशामुळे?

मेरी मोठी होते, विद्यापीठात मनाच्या आजारांचा अभ्यास करते आणि मॅक्सवर प्रबंध लिहिते. त्याचं पुस्तक होतं. कौतुक होतं, ती अभिमानाने पहिली प्रत मॅक्सला पाठवते. ज्याने स्पष्ट लिहिलं होतं की मला बरं व्हायचं नाही, त्यालाच तिने रोगी म्हणून मांडलेलं असतं, आणि तेही या आजारावर कधीतरी इलाज सापडेल या आशेने.

मॅक्सचा संताप होतो. तो पत्र लिहीत नाही. टाइपरायटरवरची ‘एम’ ही कळ उपटून काढतो आणि तेवढीच पाकिटातून तिला पाठवून देतो. मेरी आणि मॅक्स या दोन्ही नावांचं आद्याक्षर तेच. आता त्याला ना तिचं नाव टाइप करता येणार, ना स्वतःचं.

मेरी दुष्ट नाही, हे इथे विसरू नये. तिने जे केलं ते प्रेमाने केलं. घरात, शाळेत, दवाखान्यात वेगळ्या माणसाला ‘सुधारायला’ निघणारे बहुतेक लोक प्रेमानेच निघतात. मॅक्सने तिची जन्मखूण कधी घालवायला सांगितली नव्हती, त्याने ती चॉकलेटची करून टाकली होती. मेरीला मात्र मॅक्सला दुरुस्त करावंसं वाटलं. इतकी वर्षं ही मैत्री टिकली, कारण दोघांपैकी कुणी दुसऱ्याला दुरुस्त करत नव्हतं. मला हा चित्रपट याच मुद्द्यासाठी मोठा वाटतो. आपल्या गोष्टींमध्ये मित्र भेटला की एकटा माणूस ‘बरा’ होतो. इथे कुणीही बरं होत नाही आणि तरी मैत्री खरी असते.

मेरी पुस्तकाच्या सगळ्या प्रतींचा लगदा करून टाकते आणि गोड घट्ट दुधाच्या डब्यावर ‘माफ कर’ असं लिहून तो डबा त्याला पाठवते.

आत्महत्येचा प्रसंग किती त्रासदायक आहे?

बराच. नवरा सोडून गेलेला, मॅक्स गप्प, मेरी दारूत बुडालेली आणि पार्श्वभूमीला पिंक मार्टिनी या बँडच्या आवाजात एक जुनं, सगळ्यांच्या ओळखीचं गाणं. प्रसंग स्वप्नासारखा रंगवला आहे, म्हणून तो जास्त खोल जातो. तेवढ्यात शेजारचे लेन हिस्लॉप दार ठोठावतात. युद्धात पाय गमावलेला, घराबाहेर पडायची भीती असलेला हा म्हातारा वर्षानुवर्षं उंबरा ओलांडत नाही, पण टपालाने आलेलं पार्सल तिला द्यायला रस्ता ओलांडून येतो. पार्सल मॅक्सचं असतं. त्यात त्याने आयुष्यभर जमवलेल्या छोट्या बाहुल्या असतात आणि माफीचं पत्र असतं. त्यात तो म्हणतो, की तू परिपूर्ण नाहीस आणि मीही नाही, म्हणून मी तुला माफ केलं.

अलीकडे घरात असं काही घडलं असेल किंवा स्वतःच्या मनात असे विचार येत असतील, तर हा चित्रपट सध्या बाजूला ठेवा. बोलायला कुणी हवं असेल, तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

शेवटी ते भेटतात का?

मेरी तान्ह्या बाळाला घेऊन न्यूयॉर्कला जाते. दार उघडून आत येते तेव्हा मॅक्स सोफ्यावर बसलेला असतो. तो त्याच सकाळी गेलेला असतो. त्याची नजर वर छताकडे आहे आणि छतावर मेरीची सगळी पत्रं लॅमिनेट करून ओळीने चिकटवलेली आहेत.

‘एवढं करून भेटूही दिलं नाही’ अशी तक्रार बरेच जण करतात. मला ती पटत नाही. समोरासमोर आल्यावर मॅक्स कदाचित घाबरून दुसऱ्या खोलीत गेला असता. त्यांची भेट पत्रांतच होती आणि ती रोजची होती, हेच ते छत दाखवतं. मेरी बराच वेळ त्याच्या शेजारी बसते. चेहऱ्यावर दुःखापेक्षा समाधान जास्त आहे.

पुरस्कार मिळाले का? ऑस्कर?

१५ जानेवारी २००९ रोजी सनडान्स महोत्सवाचं उद्घाटन या चित्रपटाने झालं. त्या महोत्सवाची सुरुवात अ‍ॅनिमेशनपटाने होण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याच वर्षी फ्रान्समधल्या अ‍ॅनसी या अ‍ॅनिमेशनच्या सर्वात मानाच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला. ऑस्करचं नामांकन मात्र मिळालं नाही.

आवडला. याच दिग्दर्शकाचं आणखी काय पाहू?

‘हार्वी क्रम्पेट’ (२००३) आधी पाहा. वीस-बावीस मिनिटांचा लघुपट आहे, कथन जेफ्री रश यांचं, आणि एलियट यांना ऑस्कर याच लघुपटासाठी मिळालं. पोलंडमधून ऑस्ट्रेलियात आलेल्या, आयुष्यभर दुर्दैवाचे फटके खाणाऱ्या एका साध्या माणसाची ती गोष्ट आहे. त्याआधीचे ‘अंकल’, ‘कझिन’ आणि ‘ब्रदर’ हे छोटे लघुपट कृष्णधवल आहेत आणि त्यांत मॅक्सच्या जगाची बीजं दिसतात.

‘मेमॉयर ऑफ अ स्नेल’ (२०२४) पूर्ण लांबीचा आहे. त्यात जुळ्या भावापासून तुटलेल्या ग्रेसची एका म्हाताऱ्या बाईशी, पिंकीशी, मैत्री होते. त्यालाही अ‍ॅनसीचा सर्वोच्च पुरस्कार आणि ऑस्करचं नामांकन मिळालं. तोही मोठ्यांसाठीच आहे. ‘मेरी अँड मॅक्स’नंतर लगेच दुसऱ्या दिवशी लावू नका, मध्ये आठवडाभर जाऊ द्या.